एकशे चाळीस रबरी अळ्या

शनिवार, ७ जून २०२५, सकाळी ६.४०
प्रल्हादमामांच्या गराजमध्ये खाली बसून रबरी अळ्या मोजतोय. एकशे चाळीस. बास मासे पकडायला या गळाला लावतात. मासा धरायचा, फोटो काढायचा, परत सोडायचा. रत्नामामी म्हणतात, "त्यापेक्षा माशाला फोनच का नाही करत?" मामी शाकाहारी. अळ्यांना घरात प्रवेश नाही.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे, नेत्राचे, सख्खे मामा. इथे परदेशात, ट्रॉय शहरात सत्तावीस वर्षं. सगळी पाकिटं फोडून त्यांनी ढीग केला आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्ही टापटीप. रंगवार लावून ठेवा." चहा प्यायला आत गेले.

रंगवार! पाकिटं शाबूत असती तर वरची नावं वाचली असती.

तोच दिवस, ७.३०
लांबीवार लावल्या. प्रत्येक खणावर चिठ्ठी – चार इंची, पाच इंची, शेपूट वळलेली, शेपूट सरळ. मामांनी खूप वेळ पाहिलं. "ही पण एक पद्धत आहे," म्हणाले. रागावले की थट्टा केली, कळलं नाही.

सोमवार, ९ जून
वर्क परमिट येऊन चार आठवडे झाले. दोन वर्षं नेत्राच्या व्हिसावर घरी बसलो, पोळ्या गोल यायला लागल्या. आज मामांचा फोन. ओळखीच्यांच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या वायरी जोडायचं काम आहे. सोळा तारखेपासून. "डिग्री लागत नाही. हात शांत हवा. मी शब्द दिलाय."

वायरी. लाल लालला, हिरवी हिरवीला. चुकीची जोडली तर कुणाच्या तरी गाडीत.

हो म्हणालो.

मंगळवार, १० जून
झोप नाही. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सुटलं, मग रेल्वेच्या भरतीत लेखी पास झालो. मेडिकलला रंग तपासायचं ठिपक्यांचं पुस्तक. ठिपक्यांतला आकडा इतरांना चौऱ्याहत्तर दिसला, मला एकवीस. घरी सांगितलं, "जागा कमी होत्या." आईला मात्र खरं माहीत होतं. लग्नाच्या बोलणीत नेत्राच्या बाबांनी विचारलं, "मुलाला काही त्रास वगैरे?" आई म्हणाली, "साधी सर्दी नाही." मी शेजारी बसून पोहे खात होतो.

बुधवार, ११ जून
दुकानात अळ्यांच्या रंगांची नावं पाठ केली. भोपळी, कलिंगडी, विटकरी, काळी-निळी. पाणी स्वच्छ तर कलिंगडी, गढूळ तर काळी-निळी. नेत्रा म्हणाली, "परीक्षा आहे का?" आहे.

शनिवार, १४ जून
तळं, पहाटेचं धुकं, पाणी स्वच्छ. मामांनी हात पुढे केला. "कलिंगडी द्या."

चार इंची खणात अकरा होत्या. मला सगळ्या चिखलासारख्याच. एक उचलून दिली. मामांनी ती उजेडाकडे धरली, नाकाजवळ नेली. "हीच," म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की दुसरा गळ स्वतःच्या बाहीत अडकवला.

वीस मिनिटांत मासा! चांगला दीड किलोचा. मामांनी फोटो नेत्राला पाठवला – "कलिंगडीवर धरला." तिचा मेसेज लगेच – "मामा, ती विटकरी आहे."

मामांनी आधी फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तुम्ही विटकरी का दिलीत?"

"तुम्ही हीच म्हणालात."

"मला कुठे रंग कळतोय? रत्ना यायची तेव्हा तीच निवडून द्यायची. तिचे गुडघे गेले. म्हणून तर तुमच्याकडून लावून घेत होतो."

पाण्याकडे बघत सगळं सांगितलं. ठिपके, पोहे, वायरी. मामा आधी हसले, मग हसले नाहीत.

"वायरीचं काम नको."

"तुम्ही शब्द दिलाय."

"शब्द मी दिलाय, वायर तुम्ही जोडणार. फोन तुम्हीच करा. आणि नेत्राला आजच सांगा."

गाडीतून फोन केला. मालकांनी खरं कारण ऐकलं, म्हणाले, "बरं झालं आधी बोललात." स्टोअरमध्ये काही काम आहे का, मी विचारलं. कळवतो म्हणाले. नेत्राला आज सांगितलं नाही.

रविवार, १५ जून
सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर केली नाही.

"कॉलेजच्या मेसमध्ये तू टोमॅटो पिकलाय का ते दाबून बघायचास. अगदी मामासारखा. साखरपुड्याला मी मुद्दाम विचारलं होतं, साडीचा रंग कसा आहे. तू म्हणालास, 'छान.'"

"मग लग्न का केलंस?"

"छान म्हणालास ना."

साडी हिरवी होती, म्हणे. मी आजवर ती तपकिरी समजत होतो.