मिठाच्या पाण्यातला आंबेमोहोर

१४ मे
आजपासून रोजनिशी. नियम एकच: भाषण नाही, फक्त सत्य.
काल पौडला सभा. विषय, जमीन विकू नका. असा बोललो की मंडपाचे बांबू हलले. नंतर दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ओळखीत चांगलं गिऱ्हाईक आहे का. विचार रुजायला वेळ लागतो.
घरी आलो तर ओट्यावर बावधनचे एक साहेब चहा पीत बसलेले. आमचं रस्त्याकडचं वावर त्यांना फार्महाऊससाठी हवंय. थोरला भाऊ बहिरूदादा उरवड्याच्या कंपनीत शिफ्ट करतो, त्याला शेतीचा कंटाळा आलाय. आमच्याकडे उरलंय ते एवढंच वावर. जयावहिनी त्यात दरवर्षी घरचा आंबेमोहोर लावते. बीसुद्धा घरचंच, आमच्या आईपासून चालत आलेलं.
साहेब गेल्यावर मी दादाला मातीवर चार शब्द ऐकवले. दादा म्हणाला, "सभेत बोल. हितं जेव."
वहिनी मात्र भाकरी थापायची थांबली होती. तिच्यापर्यंत पोचलं.

१५ मे
वहिनी आज दादासमोर उभी राहिली. म्हणाली, "भावजी म्हनत्यात त्ये खरं हाय. औंदा मला लावू द्या."
दादा थकून आला होता. त्यानं तोड काढली. घरच्या बियाचं रोप नीट उठलं तर वावर ठेवायचं. नाही उठलं तर साहेबांना हो म्हणायचं, आणि मग घरात रडारड नको. वहिनी कबूल झाली.
संकल्प: या रोपाची जबाबदारी माझी. वहिनीला तसं सांगितलं. तिनं माझ्या पायांकडं पाहिलं. बूट होते.

१७ मे, सकाळी
चैन नाही. तीनदा वावराला चकरा मारल्या. वहिनीनं रोपं टाकायला राब भाजून ठेवलाय. काळी राख, मऊ माती. करण्यासारखं काही नाही, म्हणून परत आलो.
पुतणी पिंकी आठवी पास झाली, तिचं विज्ञानाचं पुस्तक फळीवर होतं. पेशीचा धडा उघडला आणि अंगावर काटा आला. ही तर माझीच भाषणं. पेशी म्हणजे गाव. मध्ये केंद्रक, म्हणजे नेतृत्व. तंतुकणिका म्हणजे राबणारी माणसं, सगळी ऊर्जा त्यांची. लयकारिकांना तर आत्मघाती पिशव्या म्हणतात, म्हणजे जमीन विकणारे. आणि भोवती पेशीपटल, गावाची वेस. पुस्तकात त्याला 'निवडक्षम पारपटल' असा शब्द आहे. हवं ते आत घेतं, नको ते अडवतं. आमच्या ग्रामपंचायतीला जे जमलं नाही ते एका पेशीला जमतं.
पुढे विसरण. पदार्थ जास्त असेल तिकडून कमी असेल तिकडे जातो. इथं पुस्तक मिटलं. मी कुठलंही पुस्तक अर्धंच वाचतो, उरलेलं मला सुचतं.

१९ मे
गावात बीजप्रक्रियेचा कार्यक्रम. कृषी खात्याच्या शुभांगीताई बोलल्या. मिठाच्या पाण्यात भात टाकायचं, पोकळ दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे. पुढेही काही सांगत होत्या, पण त्यांच्यानंतर आभार माझे होते आणि मी शब्द जुळवत होतो. आभार त्यांच्या भाषणापेक्षा लांबले. शेवटी गावातले म्हातारे भैरूअण्णा म्हणाले, "बास की, बी उगवंल हितंच."
पण मीठ हा मुद्दा मनात बसला. मीठ आणि संघर्ष यांचं नातं या देशाला नवं नाही.

२१ मे
सिद्धांत पूर्ण. बाहेर मीठ जास्त, दाण्यात कमी. म्हणजे विसरणानं मीठ आत जाणार. मिठाबरोबर ताकद, कस, चिवटपणा. जितका वेळ जास्त तितका दाणा कणखर. हे कोणाला कसं सुचलं नाही?
स्वयंपाकघरात पुरावाही मिळाला. वहिनीनं लोणच्यासाठी कैरीच्या फोडी मीठ लावून ठेवल्यात. एक फोड खाल्ली, आतपर्यंत खारट. मीठ आत गेलंय. परातीत मात्र पाणीच पाणी होतं आणि फोडी सुरकुतल्या होत्या. वहिनीला म्हटलं, परात कुठंतरी गळतेय बघ. ती म्हणाली, "गळत न्हाई वं, फोडीला पानी सुटतं." असेल. तो वेगळा विषय.

२३ मे
पौडला नसीरभाईंच्या दुकानातून खडे मीठ आणलं. त्यांनी गोणीकडं बघून विचारलं, "लोणचं घालताय का जेसीबी?" भाषणांमुळे पौडात माझं हे नाव पडलंय. मी पेशीपटल समजावलं. ते ऐकत राहिले, मध्येच दोन गिऱ्हाइकं केली, आणि शेवटी म्हणाले, "बरं हाय. पन आमच्या अमिनाच्या अम्मीला इचारून बगा, ती भाताच्या लावनीला जाती." मी म्हटलं, हा विज्ञानाचा प्रश्न आहे.
दुपारी बी पिंपात टाकलं. वहिनी म्हणत होती थोडं मागं ठेवू, औंदा-फौंदा काही झालं तर. मी म्हटलं, वहिनी, अर्धी निष्ठा ही निष्ठा नसते. तिनं सगळं बी आणून दिलं. पोकळ दाणे तरंगले, ते काढून टाकले. बाकीचे तळाशी बसले. निष्ठावंत.

२४ मे
वहिनी सकाळी विचारायला आली, "काडायचं का आता?" म्हटलं, मुरू दे. दुपारी पुन्हा. म्हटलं, मुरू दे. संध्याकाळी विचारायला आलीच नाही. विश्वास बसला.
मला मात्र बसवत नाही. दर तासाला पिंपात हात घालतो.

२५ मे
पेरणी झाली. दादा कंपनीत. बी फेकायला वहिनी आणि शेजारची तमन्ना. वहिनी बी धुवायला निघाली होती, मी अडवलं. कमावलेलं बळ धुवून टाकायचं? उरलेलं खारं पाणीही वाया जाऊ दिलं नाही, राबातच ओतलं. तमन्ना वहिनीकडं बघत होती. वहिनी तिला म्हणाली, "भावजी वाचून सांगत्यात."

२८ मे
कोंब नाही. एक दाणा उकरून पाहिला. कोरडा. पुन्हा पुरला.

२९ मे
चार ठिकाणी उकरलं. संयम हवा. संकल्प: उद्या वावरात जायचं नाही.

३० मे
दोनदा गेलो. दुसऱ्यांदा तमन्नानं पाहिलं. म्हणाली, "काका, कोंबड्यापन एवढं उकरत न्हाईत."

२ जून
तमन्नाच्या राबात हिरवी लव आली. तिनं आमच्यानंतर पेरलं होतं. आमचा राब काळाच. मी वहिनीला समजावलं, कणखर बी उशिरा उठतं, घाईची रोपं लेचीपेची निघतात. ती म्हणाली, "व्हय." मग बांधावर बसून राहिली. जेवायच्या वेळेपर्यंत तिथंच होती.

५ जून, पहाटे
झोप नाही. कसलीशी शंका. पिंकीचं पुस्तक काढून विसरणाच्या पुढचं पान उलटलं.
परासरण. पाणी आपण होऊन दाट द्रावणाकडे जातं. बाहेर मीठ जास्त असेल तर पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, पेशीद्रव्य आकसतं. याला रससंकोच म्हणतात. म्हणजे मी दाण्यात काही घातलं नाही. होता तो ओलावाही काढून घेतला, आणि मातीतून मिळणार होता तोही अडवला.
पुस्तकाची मांडणी सदोष आहे. एवढी महत्त्वाची गोष्ट मागच्या पानावर ठेवतात का? मंडळाला पत्र लिहायला हवं.
पत्र लिहायला बसलो. मायना झाला. पुढे सुचलं नाही. मला असं कधी होत नाही.

६ जून
वहिनीला सांगायचं ठरवलं होतं. मनात तीन प्रकारे मांडलं: ऐतिहासिक, वैज्ञानिक, करुण. गोठ्यात तिच्यासमोर उभा राहिलो आणि एवढंच म्हणालो, मिठानं गेलं.
ती गोवऱ्या रचत होती. म्हणाली, "मला म्हाईत हाय. तमन्नानं पेरनीच्या दिशीच सांगितलं हुतं, धुवून घे म्हनून."
मी विचारलं, मग का नाही धुतलंस?
"तुमी सांगितलं हुतं न्हवं. घरात माज्याकडनं बोलनारं तुमी एकलंच."
मी खाली बसून तिला एकेक गोवरी देऊ लागलो.

८ जून
नवी योजना: दुकानातून इंद्रायणीचं बी आणू, पुन्हा पेरू, अजून वेळ आहे. दादाला म्हटलं. तो बूट काढत होता. म्हणाला, "घरच्या बियाचं ठरलं हुतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चढवला असता, आणि मग मला काही सुचलं असतं.
वहिनीकडं पाहिलं. तीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भावजी. सबूद दिलाय."

१२ जून
साहेबांना फोन गेला. साहेब आले, पेढे घेऊन आले. मी घरातून बाहेर पडलो. पौडला नसीरभाईंच्या दुकानासमोर उभा राहिलो. त्यांनी स्टूल पुढं केलं, मिठाचं काही विचारलं नाही. तेवढ्यानंच जीव नकोसा झाला.

२० जून
वावराचे कागद झाले. साहेब जाताना मला म्हणाले, तुमचं नाव खूप ऐकलंय. सव्वीसला भूमिपूजन आहे, दोन शब्द तुम्हीच बोला.
म्हणजे व्यासपीठ चालून आलं. पाहुणे बावधनचे, जागा आमची. असं बोलेन की साहेब स्वतः नारळ परत घेऊन जातील. संकल्प: तयारी आजपासून. वेस, पटल, माती, बी. सुरुवात हळू, मग चढत जायचं.

२३ जून
भाषण तयार. वावराच्या बांधावर उभं राहून म्हणून पाहिलं. कुणी नव्हतं, तरी मध्येच दोनदा थांबलो. 'बी' शब्दाशी अडतंय. तो काढला तर भाषणात काही उरत नाही.

२६ जून
भूमिपूजन झालं.
मांडव राबावरच घातला होता, सपाट जागा तेवढीच. साहेबांच्या मंडळींनी वहिनीला पुढं बोलावलं. जागेची जुनी लक्ष्मी, ओवाळणी तिच्या हातून व्हावी म्हणाले. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. कुदळीला हळदकुंकू लावलं, नीट, घरच्यासारखं. मग मागं जाऊन तमन्नाजवळ उभी राहिली आणि पदर खांद्यावर घेऊन माझ्याकडं बघायला लागली. मी आता काय बोलणार याची वाट बघत होती. अजूनही.
माझं नाव पुकारलं. उठलो. माइक हातात घेतला. सभ्य स्त्रीपुरुषहो, इतकं म्हटलं.
मग माइक ठेवला आणि खाली बसलो.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेवण तयार होतं.
घरी येताना दादानं चाल हळू केली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आज लई चांगलं बोललास."