अण्णांचे रिकामे डबे

अण्णा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण आपल्या येलहंक्याच्या घरातला माळा अजून तुमच्याच ताब्यात आहे. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, लोणच्याच्या बरण्या, मसाल्याच्या डब्या. "असू दे गं, लागतं कधीतरी," म्हणायचात. आई टाकायला निघाली की तुम्ही डबा पुसून शेजारच्या अक्कांना नेऊन द्यायचात. त्या बिचाऱ्या भिडेखातर घ्यायच्या. त्यांचा माळा भरला तशा त्या पुढच्या घरी देऊ लागल्या, आणि एका संक्रांतीला आपलाच डबा कानडी तीळगूळ, एळ्ळू-बेल्ला, भरून दारात हजर! आईनं कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र लेक माहेरी आल्यासारखे खूश होतात.

त्याच गोष्टीवर आता माझं पोट चालतं. प्रयोगशाळेत मी तुमच्या आजाराच्या, पार्किन्सनच्या, पेशी बघते. पेशीत कचरा विरघळवणारी एक पिशवी असते, लायसोसोम. तिचं काम मंदावलं की बिघडलेलं प्रथिन आत साठत जातं. मग पेशी त्यातलं काही बाहेर सोडते आणि शेजारची पेशी ते आत घेते. ही घर वाचवायची धडपड की आजार पसरायची वाट, यावर आमची मंडळी अजून भांडतात. नव्या मुलांना मी तुमचं नि अक्कांचं उदाहरण देते, त्यांना लगेच कळतं.

हात थरथरायच्या कितीतरी आधी तुमचं नाक गेलं होतं. सांबार आंबलं तरी तुम्ही कानडी ढंगात "सरी, छान झालंय" म्हणत पुन्हा वाढून घ्यायचात, आणि आम्ही हसायचो. वास जाणं ही त्या आजाराची पहिली चाहूल असू शकते, हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक होतं? मला आता ठाऊक आहे, म्हणून मी भिते. रोज फोडणीआधी हिंगाची डबी नाकाशी धरते.

आज वास आला नाही. पुन्हा हुंगलं, तरी नाही. गॅस बंद करून मी आईला हाक मारली. तिनं डबी निरखली. "अगं, ही ह्यांची. अक्कांनी काल माळा झाडला नि परत आणून दिली. आतला हिंग केव्हाच मेलाय. तुझी डबी तिकडे आहे, स्वल्प बघ जरा." माझी डबी उघडली आणि असा भपकारा आला की मी रडायलाच लागले. आईला वाटलं, हिंग झोंबला.

तुमची डबी टाकायलाच उचलली होती, अण्णा. टाकवली नाही. पुसून ठेवली. या पत्राला पत्ता नाही, म्हणून घडी घालून तिच्यातच कोंबते आणि माळ्यावर चढवते. लागतं कधीतरी.