आधी हाताने, मग पायाने

रविवार, ९ फेब्रुवारी
दुपार, जेवण झाल्यावर

प्रिय बोल्ट,

दीड वर्षाने माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटंपालटं करशील आणि मग आईंना विचारशील, "हा आहे का अजून?" आहे. आईंना माझा नमस्कार. वहिनींना सांग, त्या म्हणायच्या तसाच आहे, उंची तेवढी वाढली आणि अक्कल खालीच राहिली.

आम्ही बरे आहोत. हिची शाळेतली नोकरी चालू आहे, हजेरीची रजिस्टरं अजून घरी येतात आणि जेवायच्या टेबलावर पसरतात. मुलगी सासरी रमली. माझं वजन वाढलं म्हणतात, मला तसं वाटत नाही.

माझ्या गिटारच्या पायपेटीसाठी तू पाठवलेली चिप मंगळवारी पोचली. आमच्या बँडच्या ड्रमवाल्याने आणून दिली. एक इंचभर वस्तू आणि तिला हातभर चिकटपट्टी, म्हणजे तुझ्यातही काही बदल नाही. ती सोडवेपर्यंत माझा चहा गार झाला.

ड्रमवाल्याकरवी मी निरोप काय पाठवला होता, ते मला आठवतंय. "त्याला म्हणावं, तुझी पेटी भलतेच आवाज काढते, काहीतरी कर." हा निरोप ऐकून दुसऱ्या कुणी मला दारातही उभं केलं नसतं. तू पेटीचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतला प्रोग्रॅम, नव्याने लिहिलंस, चिपमध्ये भरलंस आणि सोबत चिठ्ठी दिलीस. चिठ्ठीत कामाशिवाय एक शब्द नाही. तो टोमणा आहे की मोठेपणा, हे कळायला मला पुढचा अख्खा दिवस लागला.

बुधवारी ही शाळेत गेल्यावर पेटी टेबलावर घेतली. बारा वर्षं झाली तिला. तू बनवून आणलीस तेव्हा मी हसलो होतो, की हात गिटारवर असताना पायाने आवाज बदलायचा, म्हणजे मी काय शिलाई मशीन चालवतोय? नंतर त्या दहा बटणांवाचून माझं एक गाणं पुरं झालं नाही.

तू लिहिलं होतंस तसं आधी नळाला हात लावला, अंगातली वीज जावी म्हणून. झाकण काढलं. जुनी चिप काढायला तू सांगितलेलं हत्यार माझ्याकडे कुठलं असणार, हिचा भुवयांचा चिमटा घेतला. एका टोकाकडून थोडी, दुसऱ्या टोकाकडून थोडी, असं करत ती निघाली. नवी बसवताना मात्र तिचा एक तारेएवढा पाय दुमडला. अठ्ठावीस पायांतला एक. मला घाम फुटला. तो सरळ करायला अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात मी तुला एवढ्या शिव्या दिल्या की उचकी लागून तू हैराण झाला असशील. मग चिपच्या टोकाची खाच बॅटरीच्या बाजूला आहे ना हे तीनदा बघितलं आणि अंगठ्याने दाबली. बसली.

पुढे तुझी सूचना होती: पहिलं आणि शेवटचं बटण एकदम दाबून वीज चालू कर, म्हणजे पेटीची परीक्षा सुरू होईल. दाबलेल्या बटणाचा आकडा पेटीच्या पडद्यावर येईल. आणि खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतंस, आधी हाताने, मग पायाने.

हाताने दाबली. दहापैकी दहा बरोबर. मला राग आला. खरं सांगतो, पेटीत दोष निघावा असं मला मनापासून वाटत होतं.

मग पेटी जमिनीवर ठेवली, बूट चढवले, गिटार गळ्यात घेतली आणि कार्यक्रमात बघतो तसं समोर बघत बटणं दाबली. मनात तीन म्हणायचो आणि खाली बघायचो तर पडद्यावर चार. सात म्हणावं तर काहीच नाही. दहात चार बरोबर. पुन्हा केलं, पाच. बूट काढून केलं, तीन.

मी खाली बसलो. चष्मा लावून पेटीकडे बघितलं, आणि बारा वर्षांत न दिसलेली गोष्ट दिसली. बटणांभोवतीचा रंग शाबूत आहे. गेलाय तो दोन बटणांच्या मधला. माझा बूट नेमका तिथेच पडत आलाय. मागच्या वर्षी वायरचं भोक सैल झालं म्हणून ही पेटी ड्रमवाल्याने तुझ्याकडे आणली होती. तुझ्यासारख्या माणसाच्या नजरेतून हे सुटणं शक्य नाही. तू तेव्हाच ओळखलंस आणि गप्प राहिलास.

आता जे तुला माहीत आहे तेच मी माझ्या तोंडाने सांगतो, कारण ते माझ्या तोंडून यायला हवं. दोन वर्षांपूर्वी त्या मोठ्या हॉलमध्ये, गायिकेने हळू सूर लावला आणि माझ्या गिटारमधून फाटका आवाज निघाला. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "बोल्टची पेटी, दुसरं काय!" लोक हसले आणि मी सुटलो. एकदा सुटलो की चटक लागते. पुढे दर वेळी तेच. माझं ऐकून दुसऱ्या गिटारवाल्याने तुझी पेटी परत केली, वाद्यांच्या दुकानदाराने ठेवणं बंद केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी दिली, आणि तीही माझ्या सगळ्यात जुन्या मित्राला. तू फोन बंद केलास तेव्हा मी उलट सगळ्यांना सांगत फिरलो की तुला टीका सहन होत नाही.

तरी तू काय केलंस? चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलंस, "पायाच्या परीक्षेत नापास झालास तर पाचवं बटण धरून वीज चालू कर. शेजारची दोन बटणं मिळून एक होईल. तुला पाचच आवाज लागतात, बाकीचे तू मिरवायला ठेवले आहेस." तसं केलं. दहात दहा. बूट अलीकडे पडो की पलीकडे, आवाज बरोबर. टेबलाला टेकून मी रडलो रे. ज्याने तुझं नाव बुडवलं त्याच्या वाकड्या पायाचं माप घेऊन तू पेटी बदललीस. तुझे हे उपकार मी कुठे ठेवू?

काल तालमीला सगळ्यांसमोर उभा राहिलो. म्हटलं, पेटीत कधीच दोष नव्हता, माझा पाय चुकत होता आणि मी खोटं बोललो. कीबोर्डवाली म्हणाली, "काका, म्हणजे दोन वर्षं आम्ही भलत्याच माणसाला हसलो?" गायिका माझ्याकडे पाठ करून माइक लावायला लागली, ते जास्त लागलं. ड्रमवाला म्हणाला, "मला वाटलंच होतं," पण त्याला सगळंच वाटलेलं असतं. नंतर दुसऱ्या गिटारवाल्याला फोन केला आणि दुकानात स्वतः गेलो. दुकानदार म्हणाला, "हे आत्ता सांगताय?" मी म्हटलं, हो, आत्ता सांगतोय, माझी चूक आहे. तो तुला फोन करणार आहे. नाही केला तर मी पुन्हा जाऊन उभा राहीन.

त्यांना मी "वय झालं, पाय चुकतो" एवढंच सांगितलं. तुला पुढचंही सांगतो. पाय चुकत नाही, बोल्ट. उजव्या पायाला घोट्याखाली काही कळतच नाही. बटण आहे की जमीन, बुटात पाय आहे की नाही, काही नाही. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्तात साखर सांगितली होती. त्या कागदांची फाइल गिटारच्या पेटाऱ्यात ठेवली, तिथे ही कधी हात घालत नाही. गोळ्या महिनाभर घेतल्या आणि सोडल्या. घरात मोजे घालून वावरतो, थंडी वाजते म्हणतो. पाय गेला तर वाजवणं गेलं, या भीतीने मी पायाकडे बघितलंच नाही. तुझ्या पेटीवर खापर फोडणं त्याहून सोपं होतं.

हिला सांगायला तोंड उघडत नाही. म्हणून हे पत्र पाकिटात घालण्याआधी तिच्या हातात देणार आहे. ती समोरच बसून रजिस्टर तपासते आहे. आता देतो.

तू माझ्या पायाची लाज झाकलीस, मी तुझं नाव उघड्यावर टाकलं. तरी मला मित्र म्हण.

तुझाच,
लंबू


सोमवार, संध्याकाळ

भावोजी,

काल पत्र वाचलं. आधी भांडले, मग मोजे काढायला लावले. तळव्याला रुपयाएवढी जखम होती. यांना पत्ताच नव्हता.

आज सकाळी दवाखान्यात नेलं. जखम खोल आहे, पण हाडापर्यंत गेलेली नाही. आणखी पंधरा दिवस काढले असते तर पाय वाचवायचा प्रश्न आला असता, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. औषधं सुरू झाली आहेत, दोन महिने बूट घालायचा नाही. हे पडल्या पडल्या भिंतीकडे तोंड करून आहेत. मी बोलतेय, ते ऐकताहेत. असं आमच्या घरी पहिल्यांदाच होतंय.

डॉक्टरांनी विचारलं, तीन वर्षं लपवलं आणि आताच कसं दाखवलं? मी म्हटलं, यांच्या मित्राने दाखवायला लावलं.

यांचा पाय आहे, भावोजी. तो तुमच्यामुळे आहे.

तुमची वहिनी