चंदेरी कागदाचे मासे

आई, काल खालच्या मजल्यावरच्या मुलीचा वाढदिवस होता. हल्ली वाढदिवसाला विषय ठरवतात, तसा त्यांनी समुद्र ठरवला होता. माणसं बोलावून सगळं घर निळं करून घेतलं होतं, छताला प्लास्टिकचे मासे लटकत होते. मुलीचे वडील मला म्हणाले, "काका, तुमच्या लहानपणी असलं काही नव्हतं ना?" मी नुसता हसलो. काय होतं ते सांगितलं असतं, तर त्यांनी आधी खोलीतला निळा दिवा बंद केला असता. केक न खाताच मी वर आलो आणि हे लिहायला बसलो.

अंधेरीच्या चाळीतली आपली दीड खोली. मी सहा वर्षांचा होणार होतो आणि तोवर माझा एकही वाढदिवस झाला नव्हता. माझ्या आधीचा दादा स्वतःच्या सहाव्या वाढदिवशीच तापाने फणफणला आणि उठलाच नाही. म्हणून मी झाल्यावर तू माझं नाक टोचलंस, पाच घरचे जुने कपडे मागून घातलेस आणि नाव असं ठेवलंस की हा पोरगा कुणाला हवासा वाटू नये. शाळेत त्या नावावरून माझी जी टर उडायची, ती तुला कधी कळली नाही. त्यात आजीने गावाहून निरोप धाडला होता, की सहाव्याला थोरला धाकट्याला न्यायला येतो, जपून राहा. दुसऱ्या एखादीने पोराला कुशीत घेऊन दार लावून घेतलं असतं. तू चाळीतल्या झाडून सगळ्या पोरांना बोलावलंस.

तो आठवडा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पानवाल्याकडून सिगारेटच्या पाकिटांतली चांदी आणतेस, ती पोळपाटावर लाटण्याने सपाट करतेस, पुठ्ठ्याला खळ लावून चिकटवतेस. संपामुळे बाबांची गिरणी बंद आहे, त्यामुळे पुठ्ठे कापायचं काम त्यांच्याकडे. ते कुरकुरतात, "वाढदिवस आहे की मासळी बाजार?" माशांच्या सगळ्या मुखवट्यांचं माप एक, डोळ्यांची भोकं एक, खाता यावं म्हणून तोंडाची फट एक. सगळ्यांना एकाच ताग्यातले, गळ्यापासून घोट्यापर्यंतचे झगे. करंज्यांनासुद्धा शेपट्या. तापल्या वाळूवरच्या पातेल्यात केक झाला, पण मेणबत्त्या नाहीत, कारण आज घरात काही विझवायचं नाही. मी रडून सांगितलं, की निदान माझा मासा लाल कर, वाढदिवस माझा आहे. तू माझं तोंडच दाबलंस. म्हणालीस, "गप. एकटो बांगडो चटकन दिसता. घोळक्यात खयचो कोण, कोणाक कळतला?"

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी बाबा वर्सोव्याहून जाळ्याचा एक फाटका तुकडा घेऊन आले. बिचाऱ्यांना वाटलं, समुद्र करायचाय तर शोभेला जाळं हवंच. ते बघून तुझा चेहरा पांढराफटक पडला. तू तो तुकडा त्यांच्या हातातून ओढलास आणि खिडकीतून थेट खाली टाकलास. "आज घरात जाळा नको." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मला वाटत होतं, की हा सगळा माझ्या कौतुकाचा खटाटोप आहे.

दिवेलागणीला पोरं आली. मुखवटा चढवण्याआधी तू मला मोरीत नेलंस आणि उजव्या कानामागे काजळाची तीट लावलीस, फक्त तुला ओळखता यावं म्हणून. बल्बला निळा जिलेटीन कागद गुंडाळलेला होता. त्या उजेडात चांदीची तोंडं एकदम वळायची आणि एकदम थांबायची. सुरुवातीला पोरं खिदळत होती, मग का कोण जाणे, सगळी गप्प झाली. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "अगं, वाढदिवस कोणाचा ते तरी सांगशील?" तू म्हणालीस, "सगळ्यांचाच." मग एकेकाला पाटावर बसवून तू ओवाळायला लागलीस. कुंकू कागदाच्या कपाळावर टेकवत होतीस. काकू पुटपुटल्या, "कागदाला कसलं गं कुंकू लावतेस?" आणि पदर आवरून निघून गेल्या.

रांगेत माझी पाळी आली. मी एका पायावर उभा होतो, दुसऱ्या पायाची बोटं पोटरीवर घासत. ही माझी खोड; दादाचीही तीच होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुझी नजर त्या पायावर गेली आणि तबकातलं निरांजन हललं. मी पाटावर बसलो. तू वाकून माझ्या उजव्या कानामागे पाहिलंस. तिथे काही नव्हतं, मुखवट्याच्या नाडीने तीट पुसून गेली होती. तू मला ओवाळलंस, माझ्या हातात पेढा ठेवून बोटं मिटलीस आणि इतक्या हळू बोललीस की फक्त मला ऐकू आलं. "इलंस झिला? पायावरनाच वळाखलंय. आता जा हां. हेका माझ्याकडे ऱ्हवांदे." मग मला उठवून, खांद्याला धरून दाराकडे वळवलंस. "मागे बघू नको."

मी गेलो. गॅलरीच्या टोकाला पेढा मुठीत धरून उभा राहिलो. आलास पोरा, आता जा, याला माझ्याकडे राहू दे, असं माझ्या आईने मला दादा समजून सांगितलं होतं, आणि तेही इतक्या मायेने, की तसं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. मला दादाचा राग आला आणि रडूही आलं. बऱ्याच वेळाने मी मुखवटा काढून घरात आलो, तर तू धावत येऊन मला कवटाळलंस. "सुटलो रे बाबा! मघाशी ओवाळताना कसा हसलास, पडलेल्या दाताची जागा दिसली." मग कानामागे बोट फिरवून म्हणालीस, "तीट होती की आत्ता. घामाने गेली वाटतं."

त्या दिवसापासून तू शांत झोपायला लागलीस. मला नव्या कोऱ्या कापडाचे सदरे शिवलेस, दरवर्षी चारचौघांत ओवाळलंस. थोरल्याला पेढा देऊन पाठवलं, असं तू म्हातारपणी सगळ्यांना सांगायचीस, आणि मी शेजारी बसून मान डोलवायचो. पाटावरून उठवून पाठवलास तो मी होतो, हे एकदा सांगितलं असतं, तर तू लगेच विचारलं असतंस, की मग राहिला तो कोण? चाळीतल्या प्रत्येक पोराला मी नंतर विचारून पाहिलं. कानामागे तीट कुणाच्याच नव्हती. तू गेल्यावर तरी हे तुला कळवावं म्हणून बसलो, पण आता वाटतं, कशाला? तुझी झोप मोडायला नको. हा कागद मी इथेच फाडून टाकीन.

फक्त एवढंच सांगतो. तू मागे बघू नको म्हणाली होतीस. मी उंबऱ्यातून बघितलं होतं. मी उठलो त्याच पाटावर एक मासा बसला होता, तू त्याच्या कानामागची तीट बघून रडत होतीस, आणि तो माझ्याकडे बघून हसत होता.