आईबद्दल चार शब्द

१२ मार्च २०१५, गुरुवार

मीच बोलायचं म्हणे! क्लाइव्हने ब्रिस्बेनहून फोनवर परस्पर ठरवून टाकलं. मंगळवारी चर्चमध्ये आईबद्दल चार शब्द – "तुला जमतं ते, ऊना." याला काय जातंय सांगायला? थोरला भाऊ, बोर्डिंगमध्ये शिकलेला, वकील. आणि बोलायचं कोणी, तर जन्मभर मेंढ्यांमागे फिरलेल्या बहिणीने.

बाबांनी एक ओळ आधीच लिहून ठेवलीय. 'एकनिष्ठ पत्नी, प्रेमळ आई, जन्मभराची विद्यार्थिनी.' बाकीचं तू घाल म्हणाले आणि पाण्याच्या टाक्या बघायला निघून गेले. आईला जाऊन दोन दिवस झालेत. अठ्ठ्याऐंशीचा माणूस, आणि टाक्या!

१३ मार्च

लिहायला बसले की सगळं रेडिओच्या शाळेतलंच आठवतं.

आईची शाळा तिसरीत सुटलेली. पुढे लग्न, हे रान, शेजारचं घर साठ मैलांवर. मग क्लाइव्हसाठी पंधरा दिवसांनी टपालाने धडे यायला लागले आणि रोज सकाळी नऊला रेडिओवर शिकवायला मिस डेनहॅम. आई त्याच्या शेजारी बाकावर बसली ती बसलीच! त्याची उत्तरं एका कागदावर, हिची दुसऱ्यावर. दोन्ही एकाच पाकिटात जायची. मिस डेनहॅम हिचीही तपासायच्या, लाल शाईने. क्लाइव्ह बोर्डिंगला गेला तशी ती माझ्या शेजारी. पाढे मी विसरायची, ती नाही.

मला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. बोर्डिंगची परीक्षा दिली, घरीच, आईच्या देखरेखीखाली. नंबर लागला नाही. मग आणखी पाच वर्षं धडे घरीच आले. दोघींनी मिळून बीजगणित केलं, लॅटिन केलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं ती. तेच सांगेन.

सत्तरीत इटालियन शिकायला घेतलं तिने. बोलायला कोणी नाही म्हणून कोंबड्यांशी बोलायची. हेही सांगेन, लोक हसतील.

१४ मार्च



आईच्या ट्रंकेत जुने धडे बघत होते, दोन-चार वाचून दाखवावेत म्हणून. तळाशी एक पाकीट. बंद. वर तिकीट, पण शिक्का नाही. आईच्या अक्षरात बोर्डिंगचा पत्ता. कोपऱ्यात: ऊना पॅस्को, १९६९.

फोडलं. माझा पेपर! सगळीच्या सगळी गणितं बरोबर. दोनदा तपासली.

नंबर लागला नाही म्हणे. कसा लागेल? गेलाच नव्हता पेपर.

टपालाची पिशवी बांधायचे बाबा. दुसरं कोणी हात लावायचं नाही. आणि त्या वर्षी लोकर कापायला माणसं मिळत नव्हती, मला पक्कं आठवतंय. मी बारा वर्षांची, कळप हाकायला सगळ्यांत चपळ. आता काय समजायचं बाकी राहिलंय?

१५ मार्च

विचारलं त्यांना. बटाटे सोलत होते. पाकीट समोर ठेवलं. 

"इतकं जुनं कशाला उकरतेस?" एवढंच. आणि पुढचा बटाटा घेतला.

म्हणजे माहीत होतं! नाही म्हणाले नाहीत. शेहेचाळीस वर्षं एका टेबलावर जेवलो आम्ही. मी यांचे दात, यांच्या गोळ्या, यांचं डोळ्यांचं ऑपरेशन सगळं केलं. संताप संताप होतोय.

१६ मार्च

भाषण फाडलं. नवीन लिहिलंय.

१७ मार्च, मंगळवार

बोलले.

चर्च भरलेलं. पहिल्या बाकावर बाबा, मांडीवर हॅट. आधी कोंबड्यांचं सांगितलं, हसले लोक. मग सांगितलं की आईने मला शिकवलं, परीक्षेला बसवलं, पाकिटाला तिकीट लावलं, आणि या घरात एका माणसाला पोरीच्या शाळेपेक्षा लोकर मोठी वाटली. नाव नाही घेतलं. घ्यायची गरजच नव्हती, सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

ते हलले नाहीत. एकदा मान खाली घातली, बस.

नंतर हॉलमध्ये चहा. बायका सगळ्यांना केक वाढत होत्या, त्यांच्याजवळ कोणी थांबत नव्हतं. शेवटी क्लाइव्हने त्यांना कप नेऊन दिला. जाताना मला म्हणाला, "झालं समाधान?"

झालं. निदान असं वाटलं होतं.  घरी आल्यावर त्यांचा टाय सुटत नव्हता, तो मी सोडवून दिला नाही.

१९ मार्च

टपालाचा दिवस नसताना मर्व्ह हॅलोरन आला. चाळीस वर्षं आमच्याकडे टपालाचा ट्रक आणायचा, आता निवृत्त. परवा चर्चमध्ये मागे उभा होता म्हणे. आत येईना. फाटकाशीच उभा राहून बोलला.

माझा पेपर असलेली ती टपालाची पिशवी बाबांनी त्याच्या हातात दिली होती. तो फाटकापर्यंत पोचला तर आई धावत मागे. ऊनाचं पाकीट परत दे. त्याला वाटलं काही घालायचं राहिलं. तर ही रडायला लागली.

"ही पण गेली तर घरात मूल राहणार नाही, मर्व्ह. मूल नाही तर धडे यायचे बंद होतील."

कोणाला सांगू नको म्हणाली. पण त्याला राहवलं नाही, पुढच्या खेपेला त्याने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, राहू दे.

म्हणजे ते बीजगणित, ते लॅटिन – माझी सगळ्यात चांगली वर्षं – त्यासाठी तिने मला ठेवून घेतलं होतं. मला रडूही येईना.

२० मार्च

बाबा टाकीशी होते. विचारलं, चर्चमध्ये उठून का नाही सांगितलंत? सगळ्या गावासमोर मी तुम्हाला–

"तिचा दिवस होता तो," म्हणाले.