टाकीचा फोटो

प्रिय आई, तुला इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. शाळेच्या पाण्यात विष कालवलंय, असं म्हणत टाकीचा फोटो फोनवर फिरला आणि पालक फाटकावर धावून आले. एकाने शिपाईकाकांची कॉलरच धरली. सोडवायला गेले, तर माझं मनगट जरा मुरगळलं, म्हणून अक्षर वाकडं आलंय.

बातमी कशी तपासायची, हे मी सातवीला शिकवते. त्यातलीच एक मुलगी पुढे झाली. कॉलर धरणारे तिचेच वडील होते.

"बाबा, फोटोतली टाकी निळी आहे. आपली काळी आहे."

त्यांनी हात सोडला. ती पुढे म्हणाली,

"आता हा फोटो ज्यांना पाठवलात, त्यांनाही सांगा."

त्यांनी तिथेच सगळ्यांना कळवलं, काकांची माफी मागितली.

तुझा गुडघा कसा आहे? कौतुक लेकीचं करावं की बापाचं, मला अजून ठरवता येत नाही.

तुझीच,
धाकटी