तेरा पानांचं कॅलेंडर

१० फेब्रु., मंगळ.
ठरलं. यंदा घराण्याचं कॅलेंडर मी छापून घेणार. चैत्र ते फाल्गुन, पाडव्याला भिंतीवर. जानेवारी ही इंग्रजांची सोय. दर महिन्याला घरातल्या एकाचा फोटो.
सौ.चा एकच प्रश्न : "दुधाचा खाडा कुठं लिहायचा?" चौकोन मोठे ठेवतो. बाई शास्त्रशुद्ध आहे.
यंदा ज्येष्ठ अधिक. म्हणजे पानं तेरा. हे अजून कोणाच्या ध्यानात आलेलं नाही. त्या जादा पानासाठीच तर सगळा खटाटोप.

१३ फेब्रु., शुक्र.
मुक्ताला फोन केला. दादाची एकुलती एक, पण लग्न झाल्यापासून लासूरच्या घरात पाऊल नाही. कोर्टात लग्न केलं हा एक गुन्हा, नवरा वेरूळला गाईड हा दुसरा. "लोकांना दगड दाखवून पोट भरतो," इति दादा. निखिल जपानी फाडफाड बोलतो. सासऱ्याशी बोलायचा योग अजून आलेला नाही.
म्हटलं, दोघांचा फोटो पाठव, अधिकाच्या पानावर टाकतो. अधिक महिना जावयाचाच.
"काका, बाबा पान फाडतील."
"पाठीमागं वर्षभराच्या एकादश्या छापतो. एकादशीचं पान तुझा बाप फाडत नसतो."
पलीकडून हसल्याचा आवाज. बऱ्याच दिवसांनी.

२० फेब्रु., शुक्र.
महिन्यांची वाटणी. शेताची परवडली.
चैत्र दादाला, थोरला म्हणून. फेटा बांधून फोटो काढवून घेतलाय. भाद्रपद कोणालाच नको. वहिनी : "भाऊजी, जिवंतपणीच मला पितृपक्षात घालता व्हय?" शेवटी मीच बसलो भाद्रपदात. सौ. म्हणाली, शोभतं.
मुक्ताचा फोटो आला. कैलास लेण्यासमोर निखिल छत्रीच्या टोकानं वर काहीतरी दाखवतोय, आणि ही वर न बघता त्याच्याकडं बघून हसतेय. उत्तम.

२६ फेब्रु., गुरु.
पैठण गेटला रफिकभाईंकडं. अर्धं शहर यांनीच छापलंय. लग्नपत्रिका, बिलबुकं, उमेदवारांचे हसरे चेहरे.
"पंडितजी, साल में महीने बारा. ये तेरवा कां से लाए?"
"आसमान से. चंद्राचा हिशेब सूर्याशी जुळत नाही, म्हणून मधूनमधून एक जादा घालावा लागतो."
"और इसमें फोटो किसका?"
"जावई. हा त्याचा मानाचा महिना."
"हमारे इधर तो बारा के बारा दामाद के रहते!"
चहा त्यांनीच पाजला.

५ मार्च, गुरु.
प्रूफ बघितलं. निखिल-मुक्ता फाल्गुनाच्याही मागं, अगदी शेवटी!
"तेरवा है, तो तेरवे नंबर पे डाला ना."
म्हटलं, नाही हो, वैशाखानंतर तिसरा. त्याची जागा मधे आहे.
घरी येताना डोक्यात तीच जुनी कथा. या महिन्याला एकही देव स्वामी व्हायला तयार नव्हता. मलमास म्हणून सगळ्यांनी झिडकारला. शेवटी विष्णूनं स्वतःचं नाव दिलं, पुरुषोत्तम. विष्णूला हे जमलं. दादाचं बघू.

१९ मार्च, पाडवा.
लासूर. गुढी झाली, श्रीखंड झालं. दादानं खिळा पुसला, कॅलेंडर टांगलं, दोन पावलं मागं सरून फेट्यातला दादा बघितला. "छपाई बरी आहे." मग पान उलटलं. वैशाख, वहिनी. अजून एक उलटलं.
वहिनींच्या हातातली वाटी तशीच.
"हे कुणी घातलं?"
"मी. अधिक महिना आहे. रीत तुझीच."
"लई शहाणा झालास, पंडित."
हात पानाच्या कोपऱ्यावर. त्यानं पान वर केलं, मागं बघितलं. एकादश्या. चष्मा लावून सगळ्या वाचल्या.
"बरोबर हायेत का या?"
"पंचांगावरून घेतल्यात."
पान सोडून दिलं. शाबूत! परतीच्या गाडीत मी गुणगुणत होतो म्हणे. सौ.ची तक्रार.
निघताना वहिनी दारात, हळूच : "मुक्ता जरा बारीक वाटती का हो फोटोत?"

१० मे, रवि.
वहिनींचा फोन, कुजबुजत. अनारशांसाठी तांदूळ भिजत घातलेत.
"तुम्ही काढलात विषय?"
"मी नाय बाई. सकाळी यांनीच जुना तांदूळ पुढ्यात आणून ठिवला. म्हणले, पाणी रोज बदल."
मी उभ्या उभ्या सौ.ला टाळी दिली. तिनं घेतलीही.

१७ मे, रवि. अधिक सुरू.
सकाळी दादाचा फोन. दहा मिनिटं कापसाचे भाव. मग :
"मंगळवारी लेणी बंद असतेत ना रे?"
हे याला कोणी सांगितलं? मी नाही. म्हणजे चौकशी झालेली आहे!
"असतात."
"ही अनारसे तळायचं म्हणती. मंगळवारी. तू सांग त्यांना."
"जावयाला आवतण सासऱ्यानं द्यायचं असतं."
शेवटी, "नंबर धाड."
धाडला. मुक्ताला अजून कळवलेलं नाही, सौ.नं शपथ घातलीय. पण रविवार. निखिल या वेळी जपान्यांना घेऊन कुठल्यातरी लेण्याच्या पोटात असणार. तिथं रेंज नसते.
दादाचा मेसेज : "लागत नाही."
मी : "पुन्हा लाव."